कोपऱ्यावरची खाच

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची कात्री. हे आधीच सांगितलेले बरे, कारण हल्ली घरात कात्री दिसली की लोक तिने दुधाची पिशवी कापतात, मसाल्याचे पाकीट कापतात, कुरियरचा खोका फाडतात. ज्याचे काम त्याने करावे. मी कापड कापते. माझी लांबी दहा इंच, मूठ पितळेची आणि स्वभाव जरा तिखट. कात्रीने गोड असून आजवर कोणाचे भले झाले आहे?

माझा जन्म मेरठचा. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या पोलादातून माझी पाती घडली आणि कोणाकोणाच्या घरची फुटकी भांडी वितळवून माझी मूठ ओतली गेली. कारागिराने दोन्ही पाती एका खिळ्यावर बसवली, ओल्या मलमलीचा तुकडा कापून पाहिला आणि मान डोलावली. आमच्याबद्दल तिकडे म्हणतात, की आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी. मला तेव्हा ती नुसती दुकानदारी बढाई वाटली होती.

मेरठहून मी मुंबईला आले ती थेट अंधेरीच्या मरोळ गावठाणात. बस्त्यांव नावाच्या तरुण शेतकऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याने बायकोला, म्हणजे हिल्डाला, पायाने चालवायचे एक शिलाई मशीन आणून दिले आणि सोबत मी आले. गावठाणातल्या बायका मशीन बघायला जमल्या. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मशीनला सगळे नावाजतात, कारण ते आवाज करते. पण मशीनची चूक उसवता येते. माझी चूक उसवता येत नाही. एकदा कापले की कापले. घरात ही गोष्ट कळणारी एकटी हिल्डा होती.

म्हणून तिने दोन नियम केले. पहिला असा, की मला कागद, केस, दोरी यांतले काहीही दाखवायचे नाही. काम झाले की मला पुसून, खिळ्यावर तेलाचा थेंब सोडून फ्लॅनेलच्या पिशवीत ठेवायचे. दुसरा नियम तिच्या कामाचा होता. कापड कोणाचेही असो, ती ते चटईवर पूर्ण पसरायची, खडूने रेघा मारायची, छातीवर क्रूस काढायची आणि मग कापडाच्या मालकिणीला समोर बसवून विचारायची, "कापू?" समोरून "काप" असा शब्द आल्याशिवाय मी कधी उघडले नाही. चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या दिवसाचा, पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक शिवायला आलेल्या आठ वर्षांच्या पोरीलाही ती असेच विचारायची. पोरी हसायच्या, पण ताठ बसून "काप" म्हणायच्या.

चाळीस वर्षे मी अशी काढली. गावठाणातल्या किती नवरी मुलींचे पांढरे गाऊन मी कापले, चर्चच्या वेदीवरची आच्छादने कापली, बाळांची अंगडी कापली. "हिल्डाची कात्री लोण्यातून जाते," असे लोक म्हणत. ऐकून मला आनंद व्हायचा. खोटे कशाला बोलू?

मग बस्त्यांव वारला. त्याला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी हिल्डाने आपली पत्र्याची पेटी उघडली. आतून एक नऊवारी लुगडे काढले, तांबड्या आणि मोहरीच्या रंगाच्या चौकड्यांचे, रुंद गडद काठांचे. ते तिने मांडीवर घेतले, मला हातात घेतले आणि एका कोपऱ्यावर बोटाच्या पेराएवढी खाच पाडली. त्या दिवशी तिने कोणालाही "कापू?" असे विचारले नाही. विचारायला कोणी समोर नव्हते. मग लुगड्याची घडी घालून ते उशीच्या खोळीत सरकवले, त्यात एक जपमाळ आणि पांढरे मोजे ठेवले आणि मुलाला, रेमंडला, बोलावून सांगितले, "हे माझं मातीचं लुगडं. मना पुरताना ह्येच नेसवायचं. दुसरं कुणी नेसू नये म्हणून खाच पाडून ठेवलीय."

आमच्या गावठाणातल्या बऱ्याच म्हाताऱ्या असे एक लुगडे राखून ठेवतात. त्यात रडण्यासारखे त्यांना काही वाटत नाही. प्रवासाची पिशवी भरून ठेवावी, तसे ते असते.

त्या खाचेनंतर हिल्डाने मला फारसे हातात घेतले नाही. तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. "थरथरत्या हाताने दुसऱ्याचे कापड नासवू नये," असे म्हणून तिने मशीनवर चादर घातली. मी पिशवीत पडून राहिले.

पुढचे सांगायला मला लाज वाटते. रेमंडची बायको मस्कतला नर्स आहे, त्यामुळे स्वयंपाक रेमंड करतो. हात चांगला आहे त्याचा, पण हत्यारांची जाण शून्य. एके दिवशी त्याला मी सापडले. त्याने मला वापरून पापलेटचे पर कापले. दुसऱ्या दिवशी कोळंबीच्या मिशा. तिसऱ्या दिवशी बोंबलांची डोकी. ज्या पात्यांनी वेदीवरचे वस्त्र कापले त्यांना बोंबलाचा वास लागला, मित्रांनो. मी गंजले, खिळ्यात जड झाले आणि खवणीशेजारच्या खिळ्याला लटकत राहिले. वर रेमंडला वाईट खोड. विचार करताना तो मला रिकामीच कचकच चालवायचा. रिकामी कात्री चालवली की घरात भांडण होते असे म्हणतात. त्याला कोण सांगणार?

अशी बरीच वर्षे गेली. हिल्डाची आता हिल्डाआजी झाली होती आणि तिची नात नादिया कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो. नव्या भाताचा सण. भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद घ्यायचा. मरोळात आता शेत औषधालाही उरलेले नाही, तिथे काचेच्या इमारती आहेत, म्हणून हिल्डाआजी दरवर्षी पंधरा दिवस आधी, अजून शेते टिकलेल्या मढला आपल्या बहिणीकडे जाते आणि लोंब्या घेऊन येते. या वर्षी मिरवणुकीत लोंब्यांची टोपली वेदीपर्यंत नेण्याचा मान नादियाला मिळाला होता. मान मोठा. नादियाने ठरवले, की त्या दिवशी अंगावर विकतचे काही घालायचे नाही.

फोनवर तिने एक व्हिडिओ पाहिला होता. परदेशातली एक बाई पानगळीच्या दिवसांसाठी घरच्या घरी ड्रेस शिवते, तांबडा आणि मोहरीच्या रंगाचा, आणि कमरेला त्याच कापडाचा वीतभर रुंद पट्टा बांधते. तिच्या भोवती पिवळी पाने पडत असतात. मरोळला ऑक्टोबरात पाने गळत नाहीत, घाम गळतो. पण तो ड्रेस नादियाच्या मनात बसला. मशीनवरची चादर तिने काढली, कात्री शोधत शोधत स्वयंपाकघरात आली आणि मला खिळ्यावरून काढून हुंगले. तिचे तोंड बघण्यासारखे झाले.

ती मला तशीच कोपऱ्यावर सायकल लावून बसणाऱ्या सहदेव धारवाल्याकडे घेऊन गेली. त्याने मला उन्हात धरून उलटसुलट पाहिले.

"कुणी मासे कापले गं हिनं?"

"पप्पानं."

"पप्पाला सांग, माशांना विळी असते. अशी कात्री आता कुणी बनवत नाही."

ठिणग्या उडाल्या, गंज गेला, आणि कितीतरी वर्षांनी माझी पाती एकमेकींना नीट भेटली. सुख म्हणजे काय ते मला विचारा.

आता कापड हवे होते. नादियाने मढला फोन लावला. "आजी, आगेऱ्याला ड्रेस शिवते. तुझ्या लुगड्यातलं एक घेऊ?"

आजी हसली, तशी नादियाही हसली. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळे ऐकू येत होते. "पेटी उघड. वर दोन-तीन लुगडी हायत, आवडंल ते घे. पन तळाला उशीच्या खोळीत हाय, त्याला हात लावू नको हां गो."

"नाही लावत."

आणि तिने खरोखरच लावला नाही. चूक तिची नव्हतीच. चूक आठवडाभर आधी, आजी मढला गेल्या गेल्या झाली होती. रेमंडने कधी नव्हे तो उत्साह दाखवून पेटीतले सगळे ओट्यावर उन्हात घातले होते. उशीची खोळ मळलेली दिसली म्हणून धुतली होती. संध्याकाळी सगळे परत भरताना त्याने एक तांबडे लुगडे उचलून खोळीत कोंबले, वर जपमाळ आणि मोजे ठेवले, आणि मोठे काम केल्यासारखा हात झटकून चहा प्यायला गेला. पुरुषांना तांबडी लुगडी सगळी सारखीच.

आगेऱ्याला आठ दिवस असताना, शनिवारी दुपारी नादियाने वरचे लुगडे चटईवर पसरले. तिने नीट मापे घेतली, चौकडीला चौकडी जुळवली, वर्तमानपत्राचा नमुना टाचला, खडू मारला. हात चांगला आहे या पोरीचा, असे मी मनात म्हणत होते. तिने मला उघडले, आणि कोपऱ्याशी आल्यावर मला ती खाच दिसली.

माझीच खाच. मी पाडलेली. मी ओळखणार नाही तर कोण?

मित्रांनो, कात्रीला धार असते, तोंड नसते. मला एकच गोष्ट करता येत होती, ती मी केली. मी अडले. पाती आवळून धरली आणि कापड चावत बसले. नादिया थांबली. तिने मला उचलून पाहिले, "अरे, जाम झाली," असे म्हणाली, आणि प्रेमाने माझ्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडला. तेलापुढे माझे काही चालले नाही. मी कापत गेले. अंगाचा भाग, बाह्या, घेराच्या कळ्या. कापड जुने आणि मऊ होते, आणि मी नुकतीच धार लावलेली. लोण्यातून गेल्यासारखी गेले. माझ्या आयुष्यात इतके चांगले आणि इतके वाईट काम मी दुसरे केले नाही.

बुधवारी दुपारी हिल्डाआजी लोंब्यांची जुडी घेऊन आली. तोवर अंगाचा भाग आणि बाह्या शिवून झाल्या होत्या, घेर नुसता कापलेला होता आणि पट्टा कापायचा राहिला होता. नादियाने मोठ्या आनंदाने सगळे समोर धरले. आजीने चष्मा चढवला, कापडावरून हात फिरवला, आणि तो हात मध्येच थांबला. तिने काठ पाहिले. मग ती खाली बसली आणि जमिनीवरच्या चिंध्या चाळू लागली. तीन बोटांएवढा एक तुकडा तिने उचलला. त्यावर खाच होती.

"हे माझं मातीचं लुगडं," ती म्हणाली.

नादियाला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा ती पांढरीफटक पडली. रेमंड धावत पेटीकडे गेला, खोळ उघडली, आतले लुगडे पाहिले आणि ते तसेच हातात घेऊन बाहेर आला.

"मम्मी, माझी चूक झाली. मी खोळ धुवायला काढली होती..."

आजी उठून आत गेली आणि तो चिंधीचा तुकडा मुठीत घेऊन पलंगावर पडली. ती रागावली असती तर बरे झाले असते. जेवायला बोलावले की दोन घास खायची आणि परत जायची. रेमंडने मला उचलून फ्लॅनेलच्या पिशवीत बंद केले. "रिकामी कात्री चालवायचो ना, त्याचीच ही फळं," असे तो भिंतीकडे बघून म्हणाला. उशिरा का होईना, शहाणपण आले. पण मला त्याचा आनंद झाला नाही. घरातल्या तीन माणसांची तोंडे तीन भिंतींकडे होती, आणि मधल्या चटईवर मी कापलेले लुगडे पडून होते.

शुक्रवारी दुपारी आजीचा डोळा लागला होता. नादियाने शिवलेल्या बाह्या उसवल्या, अंगाचा भाग उसवला, आणि सगळे तुकडे चटईवर होते तसे मांडून ते हातशिलाईने एकमेकांना जोडू लागली. चौकडीला चौकडी. ती रडत नव्हती. नाक तेवढे ओढत होती.

दारात हिल्डाआजी येऊन उभी राहिली.

"काय करतेस गो?"

"जोडते. लुगडं परत करते तुझं."

"येडी हाय काय? कापलेलं असं परत होतं?"

"होईल तितकं करते. मला लोंब्या नाही न्यायच्या, आजी. दुसऱ्या कुणाला तरी सांगते मी."

आजी भिंतीला धरून चटईवर बसली. तिने एक जोड बोटांनी चाचपला. टाके इतके बारीक होते की चौकडी कुठे तुटली ते शोधावे लागत होते. तिने विचारले, "ह्ये कुणी शिकवलं तुला?"

"तुलाच बघायचे ना लहानपणी."

मग आजीने त्या लुगड्याची गोष्ट सांगितली. मला ती ठाऊक होती, नादियाला नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या आगेऱ्याला बस्त्यांवने ते आणले होते. तेव्हा मरोळात त्यांचे स्वतःचे शेत होते. हिल्डाने ते लुगडे नेसून स्वतःच्या शेतातल्या लोंब्या डोक्यावरून चर्चमध्ये नेल्या. बस्त्यांव मागून चालत होता आणि सगळ्या वाटेवर लोकांना सांगत होता, ही माझी बायको. पुढे शेत गेले. त्यानंतर आजीला ते लुगडे नेसवेना. मग बस्त्यांवही गेला, आणि तिने लुगड्याला खाच पाडली.

"आगेऱ्याचं लुगडं व्हतं ते," आजी म्हणाली. "मीच त्याला मातीचं केलं. इतकी वर्षं पेटीत ठेवलं. मना वाटलं, बस्त्यांवकडे जायचं तर ह्येच नेसून जायचं, म्हंजे तो वळखील."

नादियाने आजीच्या मांडीवर डोके ठेवले. आता मात्र ती रडली, आणि आजीने तिला रडू दिले.

मग आजीने न कापलेला भाग ओढून घेतला आणि हातावर हात मोजत गेली. अर्ध्याहून जास्त लुगडे अजून अख्खे होते. तिने ते खांद्यावर टाकून पाहिले.

"पुरे हाय," ती म्हणाली. "मी तरी आता केवढी उरले? अर्धी तर झिजलेच."

"आजी, असं नको ना बोलू."

"का नको? खरं हाय ते. उसव ते जोड. फ्रॉक शिव. पन पट्ट्याचं काय केलंस?"

"पट्टा कापायचाय. काठांचा करणार होते. आत बकरमचं कडक अस्तर घालून, वीतभर रुंद."

"मंग आन कात्री."

मला पिशवीतून काढले गेले. आजीने मला हातात घेतले, आणि तिचा हात मला आठवत होता त्याहून हलका आणि थरथरता लागला. तिने मला नादियाच्या हातात दिले आणि स्वतः समोर ताठ बसली, त्या आठ वर्षांच्या पोरी बसायच्या तशी.

"कापडाच्या मालकिणीला काय इचारतात?"

नादियाने कापड पूर्ण पसरले. छातीवर क्रूस काढला. मला उघडले.

"आजी, कापू?"

बाहेर गल्लीत कोणी रिक्षा वळवत होते, तेवढा वेळ गेला. मी उघड्या पात्यांनी थांबून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, की समोरून "नको" आले तरी चालेल.

"काप," हिल्डाआजी म्हणाली.

मी कापले. एकदाही अडले नाही.

शनिवारभर मशीन चालले आणि त्याच्या आवाजाचा मला प्रथमच राग आला नाही. पट्टा आजीने स्वतःच्या हाताने शिवला. टाके वाकडेतिकडे आले आणि नादियाने तिला ते सरळ करू दिले नाहीत. पट्ट्याच्या आत, पाठीशी जिथे हुक लागतात तिथे, आजीने ती तीन बोटांची चिंधी शिवून टाकली, खाचेसकट. बाहेरून ती कोणाला दिसत नाही. मग तिने नादियाचा हात माझ्यावर ठेवला, त्यावर स्वतःचा हात ठेवला, आणि दोघींनी मिळून उरलेल्या लुगड्याच्या कोपऱ्यावर नवी खाच पाडली. ते खोळीत गेले आणि या वेळी खोळीवर रेमंडने मोठ्या अक्षरांत लिहिले, "मम्मीचे. हात लावू नये." तेच त्याने आधी करायला हवे होते, पण असो.

आगेऱ्याला मला कोण नेणार? मी घरीच होते. मिरवणूक मी पाहिली नाही. पण दुपारी तिघे परत आले तेव्हा नादियाच्या केसांत भाताचे दाणे अडकले होते आणि हिल्डाआजी दमून खुर्चीत बसली होती. रेमंड मला पुसत म्हणाला, "मम्मी सगळ्या वाटेवर लोकांना सांगत होती, ही माझी नात."

मित्रांनो, आता मी पुन्हा फ्लॅनेलच्या पिशवीत राहते. नादिया महिन्याला माझ्या खिळ्यावर तेल सोडते. खोळ पेटीच्या तळाला आहे आणि देवाच्या दयेने तिची कोणाला घाई नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी खिळ्याला लटकत असेल. तिला खाली घ्या, धार लावून आणा, आणि कृपा करून बोंबलांसाठी विळी वापरा. घरातल्या म्हाताऱ्यांनी काय काय राखून ठेवले आहे तेही एकदा त्यांच्याजवळ बसून पाहा. पेटीच्या तळाला काय आहे हे फोनवर कळत नाही.

आणि काहीही कापण्याआधी ते समोर पसरून विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. मला थांबता येत नाही, मी ज्याच्या हातात असते त्याची असते. थांबायचे तुम्हाला आहे.